ऐनवेळचा विषय

अंथुर्ण्याच्या सर्जेरावतात्यांना खुर्ची एकदाच मिळाली आणि एकदाच गेली, पण खुर्चीत बसायची सवय काही जाता जाईना. गावच्या उपसा सिंचन सोसायटीचे ते एक मुदत चेअरमन होते. पुढच्या निवडणुकीत पडले. मग पाइपलाइन फुटली, मोटार जळाली, शेवटी सोसायटीही आटोपली. तात्यांच्या तोंडची सभेची भाषा तेवढी आटोपली नाही. घरातलं मीठ संपलं तरी ते म्हणत, "आदी मिठाचा विषय घ्या." सून म्हणून कौसल्या त्या घरात आली तेव्हा तिला वाटलं, मामा थट्टा करतायत. वर्षभरात तिच्या ध्यानात आलं की मामा थट्टा करत नाहीत, त्यांना दुसरी भाषाच येत नाही.

अशा घरात कौसल्याला दोन मुलींवर तिसरीही मुलगीच झाली.

सोप्यात भावकी बसली. तात्यांनी विषय मांडला. बारामतीला रणजित म्हणून ओळखीतला माणूस आहे, चांगल्या पगाराची नोकरी, स्वतःचं घर, बायको माधवी शिकलेली, लग्नाला बारा वर्षं होऊन मूल नाही. तरी सर्वांच्या व्यापक हिताचा विचार करून ही तिसरी पोर त्यांना दत्तक द्यावी. तात्यांचे धाकटे भाऊ आबाजी यांनी वाक्य पुरं व्हायच्या आत "मंजूर" म्हटलं. आबाजींची ती खोडच होती. सोसायटीच्या सभेत पहिल्या रांगेत बसून त्यांनी जन्मभर दुसरं काही केलं नव्हतं. ठराव वाचणाऱ्यानं श्वास घेतला की आबाजींचं मंजूर सुटायचं. त्यांच्या मागोमाग कौसल्याच्या नवऱ्यानं, दीपकनं, मंजूर म्हटलं. वडिलांपुढं दीपक याहून वेगळं काही बोलल्याचं गावात कोणाला आठवत नाही.

कौसल्या तेव्हा आत पोरीला पाजत होती. तिला कोणी विचारलंच नाही, असं म्हणता येणार नाही. वकिलाचा कागद आला तेव्हा 'आईची संमती' लिहिलेल्या जागी तात्यांनी बोट ठेवलं आणि तिनं बोटाशेजारी सही केली. कायद्याला एवढं पुरतं.

पोर नऊ महिन्यांची होती. तिची एक सवय होती. झोप आली की ती चाचपडत आईच्या कानाची पाळी शोधायची आणि चिमटीत धरायची. पाळी हाताला लागली की झोपली, नाही लागली की घर डोक्यावर. तिला टोचू नये म्हणून कौसल्यानं कानातली फुलं काढून डब्यात ठेवून दिली होती.

बारामतीहून गाडी आली त्या दिवशी तात्यांनी स्वतः पोरीला उचलून गाडीपर्यंत नेलं. सोहळ्याचे अध्यक्ष तेच ना. माधवीच्या हातात द्यायला वाकले, तर पोरीनं त्यांचा कान असा धरला की सुटेना, आणि त्या ओढाताणीत टोपी मातीत पडली. आबाजी म्हणाले, "चेअरमनचा कान धरनारं हे पयलंच मानूस बगा!" सगळे हसले, तात्याही हसले. कौसल्या उंबऱ्याच्या आत उभी होती. तिला हसू येईना, आणि रडायचा विषय त्या दिवशीच्या कामकाजात नव्हता.

पोरीशी संबंध ठेवायचा की नाही, हा पोटविषयही तेव्हाच निघाला होता. ठेवावा असं माधवीचंच म्हणणं. आपण कुठून आलो हे मुलीला ठाऊक असावं, पण मोठी होईपर्यंत जाणं-येणं आणि फोन नकोत, तिची ओढाताण होईल, त्यापेक्षा वर्षाला एक पत्र आणि एक फोटो. तात्यांना हे एकदम पटलं. "लेखी! तोंडी बोलन्याला कवडीची किंमत न्हाय." महिनाही त्यांनीच ठरवला, सप्टेंबर. वार्षिक सभा सप्टेंबरात असतात. माधवीला वाटलं, त्यांच्याकडं ह्या महिन्याला काही धार्मिक महत्त्व असेल. तसं ते होतंच म्हणा.

बारामती अंथुर्ण्याहून एसटीनं तासाभराची. पण ज्या वाटेनं उसाच्या ट्रॉल्या रोज जातात-येतात, त्या वाटेनं पोरीची खुशाली यायला वर्ष लागू लागलं.

पहिलं पत्र आलं तेव्हा तात्यांनी पोस्टमनचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार केला. मग भावकीच्या ग्रुपवर सूचना गेली: 'तमाम सभासद बंधूंना कळविण्यात येते की, बारामती येथून अहवाल प्राप्त झाला असून…' खाली विषयपत्रिका. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. अहवालाचे वाचन. उत्तराचा मसुदा मंजूर करणे. आणि सगळ्यात शेवटी, प्रत्येक सभेच्या शेवटी असतो तो, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. आबाजींचा मुलगा युवराज बी.ए. झाला होता आणि मोकळा होता, तो सेक्रेटरी झाला. तात्यांच्या अंगात गेलेला जीव परत आला. सोसायटी गेली तर गेली, नात तर होती.

त्या पहिल्या पत्रात माधवीनं साधं लिहिलं होतं, की पोर चालते, वरणभात खाते, वजनही वाढलंय, चिमण्यांच्या मागं धावते, अजून बोलत मात्र नाही. उत्तर गेलं ते असं: 'सादर नमस्कार. आपला अहवाल सभेपुढे वाचण्यात आला. कु. संस्कृती हिच्या वजनात झालेल्या वाढीबद्दल सभेने समाधान व्यक्त केले. बोलण्यास होत असलेल्या विलंबाबाबत खुलासा मागविण्यात यावा, असे सर्वानुमते ठरले. सूचक आबाजी, अनुमोदक दीपक.'

बारामतीला माधवीनं हे वाचून पोरीला त्याच दिवशी डॉक्टरकडं नेलं.

उत्तराचा मसुदा चालू असताना कौसल्या माजघराच्या दाराआड उभी होती. युवराज पाणी प्यायला आत आला तेव्हा ती म्हणाली, "भावजी, एवढं एक लिवा. पोरगी झोपताना कानाची पाळी धरायची. अजून धरती का, इचारा. त्यास्नी सांगा, नुसतं धरू द्या म्हनावं, आपसूक झोपती." युवराजनं बाहेर जाऊन विषय मांडला. तात्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे उत्तर हाय का बायकांचं गाऱ्हानं? विषयाला धरून लिवा." आबाजी म्हणाले, "मंजूर."

दुसऱ्या वर्षी तिनं पुन्हा सांगितलं. तोवर मसुद्यावर सह्या झाल्या होत्या. तात्या म्हणाले, "मंजूर ठरावात एक अक्षर इकडचं तिकडं करता येत न्हाय. पुडल्या साली बगू." पुढल्या साली त्यांनी बघितलं नाही आणि त्याच्या पुढल्या साली कौसल्यानं सांगणं सोडलं. सोडलं म्हणजे तोंडानं. दिवाळीच्या खरेदीला बारामतीला गेली की दुकानात तेवढ्या वयाची पोर दिसताच ती पोरीकडं बघायची नाही, तिच्या आईच्या कानाकडं बघायची. दीपक म्हणायचा, "अगं, कापड बग की."

इकडं अहवाल दरसाल जाड होत गेला. साध्या कागदाची फाइल झाली, फाइलला प्लास्टिकचं कव्हर आलं, मागं जोडपत्रं आली. तिसरीत पोरीला गणितात गुण कमी पडले, तर सभेनं चिंता व्यक्त केली. पुढच्या अहवालात अबॅकसचं प्रमाणपत्र आलं. सभेनं समाधान व्यक्त केलं, तथापि हस्ताक्षराकडं लक्ष वेधलं. पुढच्या अहवालात हस्ताक्षराच्या वर्गाचं प्रमाणपत्र आलं. आबाजींनी स्वतः कधी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, त्यांनी इंग्रजी व्याकरणाबद्दल सूचना मांडली. फोटो सगळ्यांत शेवटी फिरायचा आणि फिरत फिरत दाराआड यायचा. कौसल्याला दिसायचं की दरसाल पोरीच्या हातातली प्रमाणपत्रं वाढतायत आणि तोंडावरचं हसू कमी होतंय. पण हसू हा काही अहवालाचा विषय नव्हता.

यंदाचं पत्र आलं, सूचना गेली, आणि सभेच्या संध्याकाळीच घोटाळा झाला. कुणा इच्छुक उमेदवारानं निमगाव केतकीला मटणाचं जेवण ठेवलं. अहवाल की मटण, हा प्रश्न भावकीपुढं उभा राहिला आणि भावकीनं तो एकमतानं सोडवला. सोप्यात उरले तात्या, दीपक, युवराज, डॉक्टरनं मटण बंद केलेले आबाजी, आणि शेजारचे गेणबा, जे फक्त चहासाठी येत.

"पाचच हायत," युवराज म्हणाला. "गणसंख्या सात. सभा तहकूब करावी लागतीय, तात्या."

तहकूब हा शब्द तात्यांना खपत नसे. सोसायटीत त्यांची शेवटची सभा तहकूब झाली होती आणि त्यातूनच पुढं सगळं रामायण घडलं होतं. "माज्या घरात सभा तहकूब हुनार न्हाय," ते म्हणाले, पण पाचाचे सात कसे करायचे हे त्यांना सुचेना.

तेवढ्यात प्रयागबाई, तात्यांच्या मालकीण, चहाचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ताट ठेवलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "आमी दोगी हाय की. बायका मानसात मोजत्यात का न्हाय, तेवडं तुमच्या नियमात बगा."

तात्यांनी नियम आठवून बघितले. नियम त्यांनीच केलेले होते आणि बायका येतील असं कधी मनातही न आल्यानं बायकांना बंदी घालायची राहून गेली होती. "हरकत न्हाय," ते जड आवाजात म्हणाले. "उपस्थितीपुरतं."

कौसल्यानं उपस्थितीच्या वहीत सही केली. ह्या वेळी कोणी बोट ठेवून जागा दाखवली नाही, तिनं स्वतःच ओळ शोधली. मग खांबाला टेकून, पदर सावरून बसली. तिला ठाऊक होतं की असा योग पुन्हा यायचा नाही, कारण निमगाव केतकीचं मटण काही दर सप्टेंबरात शिजणार नव्हतं.

युवराजनं अहवाल वाचला. टक्केवारी झाली, कथकची परीक्षा झाली, स्कॉलरशिपचा क्लास झाला. अभिनंदनाचा ठराव झाला. आबाजींनी तीनदा मंजूर म्हटलं, त्यातलं एक शिंकेनंतर चुकून निघालं. मग युवराजनं शेवटची ओळ वाचली, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय," आणि वही मिटायला घेतली. दहा वर्षांत ह्या विषयात कधी काही आलं नव्हतं. हा विषय म्हणजे चपला शोधायची वेळ. तात्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "हाय का कुनाचा?" आणि विचारता विचारता एक पाय खाली सोडला.

"हाय," कौसल्या म्हणाली.

तिला पक्कं ठाऊक होतं की मामांची परवानगी मागितली तर ती मिळणार नाही. दहा वर्षं दाराआड उभं राहून तिनं दुसरंही एक शिकून घेतलं होतं. ह्या सभेत काय बोलता याला महत्त्व नसतं, कोणत्या सुरात बोलता याला असतं. तिनं डोळे जमिनीवर ठेवले आणि थेट युवराजच्या सुरात, एका दमात सुरू केलं:

"सर्व सभासदांच्या व्यापक हिताचा विचार करून आणि कु. संस्कृती हिच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त करून…"

"मंजूर," आबाजी म्हणाले.

"…तसेच मा. अध्यक्षांच्या मार्गदर्शनाबद्दल त्यांचे आभार मानून…"

तात्यांची मान नकळत लवली. दीपकनं बापाची मान लवलेली बघितली आणि तोही म्हणाला, "मंजूर."

"…असे ठरविण्यात येते की, यंदापासून बारामतीला जाणारे पत्र मुलीची आई कौसल्या हिने स्वतःच्या हाताने लिहावे, ते सभेपुढे ठेवू नये, आणि तिकडून येणारे पत्र तिनेच उघडावे व तिनेच वाचावे. सूचक कौसल्या, अनुमोदक प्रयागबाई."

"मंजूर, मंजूर," गेणबा म्हणाले. त्यांचा चहा संपला होता.

क्षणभर सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटलं. मग तात्यांचा सोडलेला पाय वर आला. "थांबा. काय मंजूर झालं?"

"मी लिवलं बी, तात्या," युवराज म्हणाला. मंजूर ऐकलं की त्याचा हात आपोआप चालायचा.

"खोडा ते."

"प्रोसिडिंगात खोडाखोड चालत न्हाय," प्रयागबाई कप गोळा करत म्हणाल्या. "चाळीस वर्सं ऐकतीया मी."

"मामा," कौसल्या म्हणाली. आता तो सभेचा सूर गेला होता. "मंजूर ठरावात एक अक्षर बी बदलता येत न्हाय. तुमीच म्हनला हुता, दुसऱ्या वर्साला."

तात्यांनी सुनेकडं बघितलं. मनात आणलं असतं तर ते ओरडू शकले असते. घर त्यांचं होतं, वही त्यांची होती आणि मंजूर म्हणणारेही त्यांचेच होते. पण माणसाचं एखाद्या गोष्टीवर खरं प्रेम असतं, तसं तात्यांचं सभेच्या कामकाजावर होतं. मोडायचं म्हटलं असतं तर त्यांच्या हातात दुसरं काही उरलं नसतं. त्यांनी टोपी सारखी केली. "ठराव कायम," ते म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

हक्क मिळाला, पण पत्र काही लिहून होईना. कागद घेऊन बसलं की कौसल्याच्या हातून 'सविनय' उतरायचं. ते फाडलं की 'कळविण्यात येते की' उतरायचं. दहा वर्षं कानांवर पडलेलं असं बोटांत उतरलं होतं आणि आपलं स्वतःचं बोलणं सापडता सापडत नव्हतं. शेवटी एका दुपारी, पीठ मळून हात धुतल्यावर, तिनं उभ्या उभ्याच लिहून टाकलं: 'माधवीताई, नमस्कार. मी कौसल्या. संस्कृती लहान असताना झोपताना कानाची पाळी धरायची. अजून धरते का?' खाली नाव. एवढंच.

दीपक पाकीट पोस्टात टाकायला निघाला. "माजं नाव घातलं का त्यात?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"बरं," दीपक म्हणाला. त्याच्या तोंडी तेही मंजूरसारखंच लागलं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. ऑक्टोबरात! पोस्टमननंही महिना दोनदा विचारला. पाकीट पातळ होतं. तात्यांनी ते हातावर तोलून बघितलं आणि म्हणाले, "जोडपत्रं न्हाईत." मग ठरावाची आठवण होऊन त्यांनी ते सुनेच्या हातात दिलं, पण ग्रुपवर मात्र विशेष सर्वसाधारण सभेची सूचना टाकलीच. ह्या वेळी सगळी भावकी आली. सून ठराव करते, हे मटणापेक्षा भारी होतं.

कौसल्यानं चुलीशी उभं राहून पत्र उघडलं आणि वाचलं. वाचता वाचता ती खाली बसली. प्रयागबाईंनी विचारलं, "काय गं? पोर बरी हाय न्हवं?" तिनं मान हलवली. तिला रडू आलं होतं, आणि रडण्याच्या आत कुठंतरी भयंकर रागही आला होता. ठरावाप्रमाणं हे पत्र तिला एकटीनं वाचून ठेवून देता आलं असतं. पण मंजूर सगळ्यांनी मिळून म्हटलं होतं, तर ऐकायलाही सगळ्यांनीच पाहिजे, असं तिला वाटलं. ती उठली, सोप्यात गेली आणि खांबापाशी न बसता मधोमध उभी राहिली.

"वाचती," ती म्हणाली आणि वाचू लागली.

'कौसल्याताई, तुमचं पत्र उघडलं आणि मी जिन्यातच बसले. दहा वर्षांत तुमच्या घरून आलेलं हे पहिलं पत्र. आधी आले ते ठराव होते. खरं सांगते, मला त्यांची भीती वाटायची. वाटायचं, एखाद्या वर्षी गुण कमी पडतील आणि तुम्ही लोक पोरीला परत मागाल. म्हणून मी नुसते टक्के लिहीत गेले आणि तिला एकेका क्लासला घालत गेले. तुम्हाला गणिताची चिंता वाटली म्हणून अबॅकस लावला. तो तिला कधी आवडला नाही. रडत जायची.

'तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर लिहिताना लाज वाटते. आमच्याकडं आली तेव्हा पहिलं वर्ष-दीड वर्ष ती झोपायच्या वेळी फार रडायची. रडत रडत माझ्या कानाला हात घालायची. माझ्या कुड्या ओढल्या जायच्या, दुखायचं. मला वाटलं, वाईट खोड लागलेली आहे. मी तिचा हात धरून बाजूला ठेवायचे. ती पुन्हा घालायची, मी पुन्हा काढायचे. मग एके दिवशी तिनं हात घालायचं सोडलं. मी ह्यांना कौतुकानं सांगितलं, बघा, लागली वळणाला. ताई, मला कोणी सांगितलंच नाही. त्या पहिल्या पत्रात एक ओळ असती तरी पुरलं असतं.

'परवा तिला तुमचं पत्र दाखवलं. हसली. मी अशी होते होय, म्हणाली. मग कितीतरी वेळ स्वतःच्याच कानाला हात लावून बसली होती. आता ती मोठी झाली आहे, धरेल असं नाही. पण त्या दिवसापासून मी झोपताना दोन्ही कानांतलं काढून ठेवते. तुमची, माधवी.'

कौसल्यानं कागद खाली केला. सोपा माणसांनी भरला होता. आबाजींचं तोंड सवयीनं उघडलं, पण आतून काही आलं नाही, आणि त्यांनी ते मिटून घेतलं. युवराजचं पेन वहीवर टेकून राहिलं होतं, शाईचा ठिपका मोठा होत होता. दीपक खाली मान घालून अंगठ्याचं नख कुरतडत होता. त्या सोप्यात पहिल्यांदाच कोणी मंजूर म्हटलं नाही.

"दाराआडनं कौसल्या सांगत हुती," प्रयागबाई म्हणाल्या. "पयल्याच वर्साला."

"विषयाला धरून न्हवतं ते…" तात्या म्हणायला लागले आणि थांबले. काहीतरी करायचं म्हणून त्यांचा हात टोपीकडं गेला, टोपी जागच्या जागी होती. हात तिथून खाली घसरला आणि कानाशी येऊन थांबला. मातीत पडलेली टोपी, हसणारी भावकी आणि सुटता न सुटणारी ती एवढीशी मूठ त्यांना आठवली असावी, कारण त्यांनी हात काढला नाही. अध्यक्ष बोलत नाहीत म्हटल्यावर सभा संपली की चालू आहे, हे कोणालाच कळेना. चपला शोधायलाही कोणी उठलं नाही.

कौसल्या कोणाची वाट बघत थांबली नाही. आत जाऊन तिनं फळीवरचा कागद घेतला. पुढच्या सप्टेंबरला अजून फार अवकाश होता आणि तेवढं थांबायची तिची तयारी नव्हती. ह्या वेळी 'सविनय' आलं नाही, 'कळविण्यात येते की' आलं नाही, एकही कागद फाडावा लागला नाही. तिनं लिहिलं:

'माधवीताई, दोन्ही काढू नका. तिला उजवा लागायचा.'